आधी स्वतःला टोचून घेतले

परळला केईएम आणि टाटा या दोन मोठ्या रुग्णालयांच्या परिसरात एक जुनी, दगडी, प्रशस्त वास्तू आहे. एके काळी मुंबईच्या गव्हर्नरांचे निवासस्थान असलेली ही वास्तू आज हाफकिन संस्था म्हणून ओळखली जाते. सर्पदंशावरचे औषध असो, कुत्रा चावल्यावरची इंजेक्शने असोत की पोलिओचे थेंब, महाराष्ट्राच्या पिढ्यान्‌पिढ्यांनी हे नाव ऐकले आहे. पण हाफकिन कोण, असे विचारले तर बहुतेकजण कुणीतरी इंग्रज साहेब असेल असे सांगून मोकळे होतात. हाफकिन इंग्रज नव्हता. तो रूढ अर्थाने डॉक्टरही नव्हता. काळ्या समुद्राकाठच्या ओडेसा शहरातला तो एक ज्यू प्राणिशास्त्रज्ञ होता. सरकारच्या सैनिकांना आणि इस्पितळांना लोक घाबरत होते, त्याच काळात त्याच सरकारच्या नोकरीत राहून त्याने हजारो भारतीयांना दंड पुढे करायला राजी केले.

त्याने लस शोधली हे विज्ञानाच्या इतिहासात नोंदले गेले आहे. ती लोकांपर्यंत कशी नेली, ही गोष्ट मात्र फारशी सांगितली जात नाही. साथीच्या दिवसांत औषध तयार असणे हे अर्धेच काम असते. उरलेले अर्धे काम घराघराच्या उंबरठ्यावर होते, आणि तिथे शास्त्रज्ञाचे किंवा कलेक्टरचे फारसे चालत नाही. हाफकिनच्या आयुष्यात हे उरलेले अर्धे काम यशस्वीही झाले आणि एका दिवसात कोसळलेही. म्हणून त्याची कहाणी आजही वाचण्यासारखी आहे.

ओडेसा ते पॅरिस

वाल्देमार मोर्देकाई हाफकिनचा जन्म १५ मार्च १८६० चा. शिक्षण ओडेसाच्या विद्यापीठात झाले आणि गुरू म्हणून लाभले इल्या मेचनिकॉफ. शरीरातल्या पांढऱ्या पेशी रोगजंतूंना गिळतात हे दाखवून पुढे १९०८ मध्ये नोबेल पारितोषिक मिळवणारे हेच ते मेचनिकॉफ. झारच्या रशियात तेव्हा ज्यूंवर हल्ले होत. ओडेसात असा हल्ला झाला तेव्हा आपल्या लोकांच्या रक्षणासाठी उभ्या राहिलेल्या तरुणांत हाफकिनही होता. तो जखमी झाला, त्याला अटक झाली, आणि मेचनिकॉफ यांनी रदबदली केल्यामुळे तो सुटला. झारच्या राजवटीविरुद्धच्या क्रांतिकारी चळवळीशीही त्याचा संबंध होता. ख्रिस्ती धर्म स्वीकारला असता तर विद्यापीठात प्राध्यापकी मिळाली असती. ती अट त्याने मानली नाही, आणि त्याला ओडेसाच्या प्राणिशास्त्रीय वस्तुसंग्रहालयातल्या साध्या नोकरीवर समाधान मानावे लागले.

१८८८ मध्ये त्याने देश सोडला. काही काळ जिनिव्हात काढून १८८९ मध्ये तो पॅरिसच्या पाश्चर संस्थेत दाखल झाला. जागा रिकामी होती ती ग्रंथपालाची. दिवसा पुस्तके सांभाळायची आणि मिळेल त्या वेळात प्रयोगशाळेत बसायचे, असा त्याचा क्रम सुरू झाला. युरोपात तेव्हा पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची दहशत होती. हाफकिनने पटकीच्या जंतूंपासून लस तयार केली आणि १८ जुलै १८९२ रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. ताप आला, दुखले, पण काही दिवसांत तो हिंडूफिरू लागला. पाठोपाठ त्याच्या काही मित्रांनीही टोचून घेतले.

लस निर्धोक आहे एवढेच यातून सिद्ध झाले होते. ती खरोखर रोग टाळते का, हे पाहायचे तर जिथे पटकी दरवर्षी मुक्कामाला असते तिथे जायला हवे होते. भारताचे माजी व्हाइसरॉय लॉर्ड डफरिन तेव्हा पॅरिसमध्ये ब्रिटिश राजदूत होते. त्यांनी या कामी मदत केली आणि मार्च १८९३ मध्ये तेहतीस वर्षांचा हाफकिन कलकत्त्याच्या धक्क्यावर उतरला.

कलकत्त्याच्या बस्तीत

इथे त्याचे स्वागत काही फार उत्साहाने झाले नाही. गोऱ्या लष्करी डॉक्टरांच्या दृष्टीने तो परका होता. त्यातही रशियन आणि डॉक्टरकीची पदवी नसलेला. लोकांच्या दृष्टीने तो आणखी एक साहेब होता, आणि तोही निरोगी माणसाच्या अंगात काहीतरी सुईने घालू पाहणारा. देवीची टोचणी लोकांना ठाऊक होती, पण तिच्याविषयीही मनात किंतु होताच. शिवाय हाफकिनची लस सुरुवातीला काही दिवसांच्या अंतराने दोनदा घ्यावी लागे. पहिल्या खेपेला ताप येऊन एकदोन दिवसांची मजुरी बुडालेला माणूस दुसऱ्या खेपेला सापडणे कठीणच.

पहिल्या वर्षभरात तो उत्तर भारतात हिंडला. लष्कराच्या छावण्या, शाळा, तुरुंग अशा ठिकाणी त्याने टोचण्या केल्या. जिथे शिस्त होती, नावे लिहिलेली होती आणि माणसे पुन्हा सापडण्याची खात्री होती, अशी ही ठिकाणे. कलकत्त्याच्या झोपडवस्त्यांत, तिथल्या भाषेत बस्त्यांत, मात्र यातले काहीच नव्हते. आणि खरी पटकी तर तिथेच होती.

मार्च १८९४ मध्ये कलकत्त्याचे आरोग्य अधिकारी डॉ. सिम्पसन यांच्या बोलावण्यावरून तो काठालबागान नावाच्या बस्तीत गेला. तिथे पटकीने माणसे दगावू लागली होती. या वेळी हाफकिन एकटा नव्हता. बरोबर बंगाली डॉक्टर होते. लोकांशी लोकांच्या भाषेत बोलणारे आणि त्यांच्यातलेच. लोक गोळा झाले, पण पुढे कुणी येईना. तेव्हा हाफकिनने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी सर्वांच्या देखत स्वतःला टोचून घेतले. मग एक पुढे आला, मग दुसरा, आणि बघता बघता दोनेकशे वस्तीतल्या ११६ जणांनी टोचून घेतले. त्यानंतर त्या बस्तीत पटकीचे जे रुग्ण निघाले ते सगळे न टोचलेल्यांपैकी होते. शेजारच्या झोपडीत, त्याच तळ्याचे पाणी पिणाऱ्या दोन माणसांपैकी एक गेला आणि एक राहिला, हे बस्तीने डोळ्यांनी पाहिले. असा पुरावा समजायला लिहितावाचता येण्याची गरज नव्हती. काही काळाने कलकत्त्याच्या बस्त्यांमधले लोक रांगा लावून उभे राहू लागले.

हाफकिनने पटकीच्या या मोहिमेत दोन वर्षांत सुमारे ४२ हजार लोकांना टोचले. त्यातून तो जे शिकला ते पुढे मुंबईत उपयोगी पडले. टोचणारा आधी स्वतः टोचून घेणारा असावा, सोबत त्या वस्तीला ओळखणारा माणूस असावा, सक्ती नसावी, आणि टोचलेल्यांची व न टोचलेल्यांची चोख नोंद राहावी. मलेरियाने पोखरलेला हाफकिन १८९५ मध्ये विश्रांतीसाठी युरोपला गेला आणि पुढच्या वर्षी परत आला. त्या वर्षी मुंबईत वेगळेच संकट वाट पाहत होते.

मांडवीतला ताप

२३ सप्टेंबर १८९६ रोजी मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस या गोमंतकीय डॉक्टरांनी एका रुग्णाचे निदान केले. तो प्लेग होता. धान्याची गोदामे, उंदीर, दाटीवाटीच्या चाळी आणि तुंबलेली गटारे. रोगाला हवे ते सारे तिथे होते. काही महिन्यांत जवळजवळ निम्मी मुंबई गाव सोडून गेली. कोकणात, देशावर, गुजरातेत जाणाऱ्या आगबोटी आणि आगगाड्या भरून वाहू लागल्या, आणि त्यांच्याबरोबर प्लेगही गावोगाव पोहोचला.

सरकारने हाफकिनला मुंबईला धाडले. ७ ऑक्टोबर १८९६ ला तो इथे पोहोचला. ग्रँट मेडिकल कॉलेजात त्याला एक खोली आणि व्हरांडा मिळाला. हाताखाली एक कारकून आणि तीन शिपाई. एवढ्या सरंजामावर त्याने तीन महिने रात्रंदिवस काम केले. हाताखालच्या माणसांना ते झेपेना. काहींनी काम सोडले, एकाची तर मनःस्थितीच ढासळली.

लशीची कृती मोठी गमतीची होती. मांसाच्या रसात जंतू वाढवायचे, आणि त्या रसावर तुपाचे थेंब तरंगत ठेवायचे. त्या थेंबांना धरून प्लेगचे जंतू खाली लोंबत वाढत, झुंबराच्या लोलकांसारखे. ते हलवून खाली पाडायचे, की पुन्हा नवे लोंबू लागत. पुरेसे वाढले की तापवून मारायचे आणि त्यात थोडे कार्बोलिक आम्ल घालायचे. म्हणजे लशीत जिवंत जंतू नसत. या कृतीत गोमांस किंवा डुकराचे मांस येणार नाही याची काळजी घेतली गेली. बकऱ्याचे मांस वापरले गेले. प्रयोगशाळेच्या दृष्टीने ही बाब किरकोळ होती. मात्र ज्या देशात चाळीस वर्षांपूर्वी काडतुसांच्या चरबीवरून बंड पेटले होते, तिथे बाटलीत काय आहे या प्रश्नाला धड उत्तर असणे लशीच्या गुणाइतकेच महत्त्वाचे होते.

१० जानेवारी १८९७ रोजी त्याने ही लस स्वतःला टोचून घेतली. पुढे इतरांना द्यायची त्याच्या तिपटीहून जास्त मात्रा त्याने स्वतःला घेतली. ताप चढला, अंग मोडून आले, पण तो उतरला. मग कॉलेजातले डॉक्टर आणि शहरातले काही नागरिक पुढे आले. त्याच महिन्याअखेर भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. तिथल्या कैद्यांपैकी जे स्वेच्छेने तयार झाले त्यांना टोचण्यात आले. सुमारे दीडशे टोचलेल्यांत पुढे दोघांना प्लेग झाला आणि कुणी दगावले नाही. न टोचलेल्या पावणेदोनशे जणांत बारा जणांना झाला आणि सहा गेले.

दंडुका आणि दंड

लस हाती आली होती. पण त्याच सुमारास सरकारच्या दुसऱ्या हाताने जे चालवले होते त्याने सारे वातावरण गढूळ केले होते. फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोगांचा कायदा आला. घरे झडू लागली, सामान जाळले जाऊ लागले, रुग्णाला घरातून उचलून इस्पितळात आणि नातलगांना विलगीकरणाच्या छावणीत नेले जाऊ लागले. पुण्यात रँडच्या हुकमतीखाली गोरे शिपाई माजघरात, देवघरात शिरले. त्याची परिणती २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंडीत चापेकर बंधूंच्या गोळ्यांत झाली. मुंबईत त्याआधीच, ऑक्टोबर १८९६ मध्ये, गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोडच्या इस्पितळावर हल्ला केला होता. मार्च १८९८ मध्ये एका मुस्लिम विणकराच्या घरातल्या रुग्ण मुलीला तपासण्यावरून मदनपुऱ्यात दंगल उसळली.

अशा दिवसांत अफवांना तोटा नसतो. इस्पितळात नेलेल्या माणसांना उलटे टांगून त्यांची मोमियाई काढतात, ही त्यातली एक. टोचलेला माणूस जागच्या जागी मरतो, किंवा त्याला पुढे मूल होत नाही, अशाही होत्या. आज या अफवा हास्यास्पद वाटतात. पण ज्यांच्या घरातले माणूस शिपायांनी नेले आणि पुन्हा दिसलेच नाही, त्यांना त्या हास्यास्पद वाटणे शक्य नव्हते. इस्पितळात मरण फार होते, हे तर खरेच होते.

याच काळात महाराष्ट्राने दुसरे चित्रही पाहिले. पुण्याजवळ हडपसरच्या माळावर डॉ. यशवंत फुले यांनी दवाखाना उघडला. सावित्रीबाई स्वतः रुग्ण आणून त्यांची शुश्रूषा करीत आणि त्यातच प्लेगची बाधा होऊन १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. पुण्यात टिळकांनी हिंदूंसाठी प्लेगचे वेगळे इस्पितळ चालवायला पुढाकार घेतला. मुंबईत निरनिराळ्या जातिजमातींनी आपापली इस्पितळे काढली. सरकारी इस्पितळाच्या दारातून पळणारा माणूस आपल्या जमातीच्या इस्पितळात जायला तयार होई. तिथला स्वयंपाकी आपला असे, नातलगांना येऊ देत, आणि मरण आलेच तर अंत्यविधी रीतसर होत. औषध दोन्हीकडे जवळपास तेच, म्हणजे फारसे गुणकारी नसलेले. पण लोक येत होते, आणि येणाऱ्याचा आजार लपून राहत नव्हता. सरकारलाही पुढे हे उमगले आणि १८९८ नंतर मुंबईत सक्तीची धार बरीच बोथट करून जमातींच्या पुढाऱ्यांना बरोबर घेण्याचे धोरण आले.

आगाखानांचा बंगला

हाफकिनला या सगळ्यात सर्वांत मोठा आधार मिळाला तो एकोणीस वर्षांच्या एका तरुणाकडून. इस्माइली खोजांचे धर्मगुरू तिसरे आगाखान, सुलतान मोहम्मद शाह, तेव्हा मुंबईत होते. त्यांचे अनुयायी मांडवी आणि आसपासच्या भागात मोठ्या संख्येने राहत, म्हणजे साथीच्या ऐन तोंडावर. आगाखानांनी आपल्या माणसांसमोर स्वतःला टोचून घेतले. एकदाच नव्हे, पुन्हा पुन्हा. ज्याच्या शब्दावर जमात चालते त्यालाच काही झाले नाही, हे पाहिल्यावर भीती ओसरली. मुंबईतल्या दहाबारा हजार खोजांपैकी जवळजवळ निम्म्यांनी टोचून घेतले. पुढे १८९८ मध्ये हाफकिनच्या प्रयोगशाळेला जागा कमी पडू लागली तेव्हा आगाखानांनी आपला खुश्रू लॉज हा बंगलाच त्याला देऊ केला. मांडवीत पहिला रुग्ण ओळखणारे डॉ. व्हिएगस हेही हजारो मुंबईकरांना टोचत राहिले.

इथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. आगाखानांनी केवळ आवाहनाचे पत्रक काढले असते तर सरकारी पत्रकांच्या गठ्ठ्यात आणखी एकाची भर पडली असती. त्यांनी जोखीम वाटून घेतली. जागा दिली, माणसे दिली, आणि आपली अब्रू पणाला लावली. लस बिघडली असती तर हाफकिनच्या आधी जमातीने त्यांना जाब विचारला असता. आज ज्याला आपण लोकसहभाग म्हणतो त्याचा खरा अर्थ एवढाच आहे.

सगळीकडे असे आगाखान नव्हते, पण ठिकठिकाणी कुणी ना कुणी सापडत गेले. पोर्तुगिजांच्या दमणमध्ये १८९७ च्या साथीत २,१९७ जणांनी टोचून घेतले. त्यांतले ३६ गेले. न टोचलेल्या ६,०३३ जणांतले १,४८२ गेले. हुबळीत १८९८ मध्ये गावच्या गाव टोचून घेण्यापर्यंत मजल गेली.

बडोदे संस्थानातल्या उंढेरा गावची हकीकत तर विलक्षण आहे. फेब्रुवारी १८९८ मध्ये या हजारेक वस्तीच्या गावात प्लेग चालू असताना हाफकिन तिथे गेला. संस्थानच्या अधिकाऱ्यांच्या मदतीने घराघरातल्या माणसांना एकत्र उभे करून त्याने प्रत्येक कुटुंबातल्या निम्म्यांना टोचले. एकाच छपराखाली, एकाच चुलीवर जेवणारी माणसे. निम्मी टोचलेली, निम्मी नाही. पुढच्या दीड महिन्यात ज्या २८ कुटुंबांत प्लेग आला, तिथे टोचलेल्या ७१ जणांपैकी ८ जण आजारी पडले आणि ३ दगावले. न टोचलेल्या ६४ जणांपैकी २७ आजारी पडले आणि २६ गेले. आजच्या काळात असा प्रयोग करू देणार नाहीत, आणि ते योग्यच आहे. त्या सव्वीस जणांची नावे कुठल्या शास्त्रीय ग्रंथात नाहीत. पण लशीवरचा विश्वास पुढे ज्या आकड्यांवर उभा राहिला, त्यांत या गावाचे मोल मोठे आहे.

१० ऑगस्ट १८९९ रोजी परळच्या जुन्या गव्हर्न्मेंट हाउसमध्ये गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट यांच्या हस्ते प्लेग संशोधन प्रयोगशाळेचे उद्‌घाटन झाले. ही वास्तू गव्हर्नरांना नकोशी होण्यामागेही एक साथच होती. पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजला ज्यांचे नाव आहे त्या गव्हर्नर फर्ग्युसन यांच्या पत्नी १८८२ मध्ये याच घरात पटकीने गेल्या होत्या. पटकीची लस शोधणाऱ्या माणसाला ते घर मिळावे, हा योगायोगच.

मुलकोवालची बाटली

१९०२ मध्ये पंजाबात प्लेग थैमान घालत होता. तिथल्या सरकारने टोचणीची फार मोठी मोहीम आखली आणि परळकडे प्रचंड मागणी नोंदवली. उत्पादन वाढवण्यासाठी हाफकिनने कृतीत बदल केले. कार्बोलिक आम्ल घालणे त्याने बंद केले होते. लस ठिकठिकाणी जाऊ लागली. आता तो स्वतः प्रत्येक गावात हजर असणे शक्यच नव्हते.

३० ऑक्टोबर १९०२ रोजी मुलकोवाल या गावात, जे आता पाकिस्तानी पंजाबात आहे, १०७ जणांना टोचण्यात आले. त्यासाठी पाच बाटल्या फोडल्या होत्या. काही दिवसांनी १९ जणांना धनुर्वात झाला आणि सगळे मेले. ते एकोणीसही जण एकाच बाटलीतून टोचलेले होते. बाकी ८८ जण सुखरूप होते. त्या बाटलीवर ५३-एन असा क्रमांक होता.

मुंबईचे मुख्य न्यायाधीश सर लॉरेन्स जेन्किन्स यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी आयोग बसला. बाटली परळला बंद होण्यापूर्वीच तिच्यात धनुर्वाताचा जंतू शिरला असावा, असा निष्कर्ष निघाला आणि कार्बोलिक वगळल्याचा ठपका हाफकिनवर आला. त्याला पदावरून दूर करण्यात आले. १९०४ मध्ये तो इंग्लंडला निघून गेला. ज्या माणसाने दोनदा स्वतःच्या अंगावर प्रयोग केले, त्याच्यावर निष्काळजीपणाचा शिक्का बसला.

खरे काय घडले होते? त्या दिवशी ती बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट उकळून न घेताच पुन्हा वापरला गेला होता. बाटली परळलाच दूषित झाली असती तर इतक्या आठवड्यांत तिला दुर्गंधी यायला हवी होती. तशी ती आली नव्हती. मलेरियाचा डास शोधणारे रोनाल्ड रॉस यांनी हे प्रकरण हाती घेतले. जुलै १९०७ मध्ये नामवंत जंतुशास्त्रज्ञांच्या सह्यांचे पत्र लंडनच्या टाइम्समध्ये प्रसिद्ध झाले, ब्रिटिश संसदेत प्रश्न विचारले गेले आणि त्याच वर्षी अखेर हाफकिनवरचा ठपका दूर झाला. फ्रान्समध्ये ड्रेफस या ज्यू अधिकाऱ्यावर झालेल्या अन्यायाची आठवण अनेकांना झाली.

पण तोवर पाच वर्षे गेली होती. हाफकिनला न्याय मिळाला. पंजाबातल्या खेड्यांत गेलेला विश्वास मात्र कुठल्या पत्रकाने परत येणार नव्हता. तिथे सुईबद्दल आधीच भलभलत्या कंड्या होत्या. मुलकोवालनंतर त्यांना पुरावा मिळाला. मोहीम ढासळली. १९०७ या एकाच वर्षात पंजाबात प्लेगने सहा लाखांवर माणसे गेली. टोचणी चालू राहिली असती तर त्यातली किती वाचली असती याचा हिशेब कुणी मांडू शकत नाही. पण गावच्या माणसाच्या दृष्टीने चिमटा, बाटली, परळ आणि सरकार यांत फरक नव्हता. जो विश्वास वस्तीवस्तीतून एकेका माणसाने जमवला होता, तो एका गावात, एका सकाळी गेला.

मुंबईत भायखळ्याला किंवा खोजांच्या वस्तीत असे काही घडले असते तर? तिथेही हाहाकार झाला असता यात शंका नाही. पण तिथे लोकांना उत्तर द्यायला त्यांच्यातली माणसे होती; डॉक्टर ओळखीचे होते, आणि काय चुकले हे विचारायला जागा होती. मुलकोवालला मागणी वरून आली होती आणि बाटल्या लांबून. मध्ये धरणारे कुणी नव्हते.

उत्तरायुष्य

हाफकिन १९०७ नंतर भारतात परतला, पण मुंबईच्या आपल्या प्रयोगशाळेत नव्हे. कलकत्त्याच्या एका लहानशा प्रयोगशाळेत त्याला जागा मिळाली. नव्या लशींचे प्रयोग माणसांवर करण्याची मोकळीक त्याला राहिली नाही. पंचावन्नाव्या वर्षी निवृत्त होऊन तो युरोपला गेला. लग्न त्याने केले नव्हते. तरुणपणी ज्या धर्मासाठी प्राध्यापकीवर पाणी सोडले, त्याच ज्यू धर्माच्या अभ्यासात आणि आचारात तो उतारवयात रमला. साठवलेला पैसा त्याने पूर्व युरोपातल्या ज्यू धर्मशाळांच्या शिक्षणासाठी ठेवला. २६ ऑक्टोबर १९३० रोजी स्वित्झर्लंडमधल्या लोझान शहरात तो वारला.

त्याआधी पाच वर्षे, १९२५ मध्ये, परळच्या प्रयोगशाळेला त्याचे नाव देण्यात आले होते. तोवर तिथून प्लेगच्या लशीच्या दोन कोटी साठ लाख मात्रा बाहेर गेल्या होत्या. १९६४ मध्ये भारताच्या टपाल खात्याने त्याच्यावर तिकीट काढले.

हाफकिनची प्लेगची लस आज वापरात नाही. प्लेगवर प्रतिजैविके आली, आणि त्या लशीच्या मर्यादाही पुढे स्पष्ट झाल्या. पण त्याने ज्या रीतीने ती लोकांपर्यंत नेली ती रीत जुनी झालेली नाही. १९९५ मध्ये देशभर पल्स पोलिओची मोहीम सुरू झाली तेव्हा उत्तर प्रदेशातल्या काही वस्त्यांत दारे बंद होत, थेंबांमुळे मुले पुढे वांझ होतात अशा अफवा पसरत. एकशे वर्षांपूर्वीच्याच त्या. ती दारे उघडली ती मशिदीतल्या इमामांनी, मोहल्ल्यातल्या बायकांनी, स्थानिक डॉक्टरांनी सोबत फिरल्यावर. जानेवारी २०११ नंतर देशात रानटी विषाणूच्या पोलिओचा रुग्ण सापडला नाही आणि मार्च २०१४ मध्ये भारत पोलिओमुक्त जाहीर झाला. २०२० मध्ये कोरोना आला तेव्हा सरकारने तोच १८९७ चा कायदा पुन्हा बाहेर काढला. पण गावोगावी लशीच्या यादीत नावे चढली ती आशा सेविका दारात उभी राहिली तेव्हा. त्या बाईला घरातली माणसे नावाने ओळखत होती.

कायदा लागतो. कोठारे, शीतपेट्या, आगगाड्या लागतात. आणि बाटलीगणिक काटेकोरपणा तर लागतोच लागतो, हे मुलकोवालच्या एकोणीस जणांनी जीव देऊन शिकवले आहे. पण साथ आल्यावर ओळखी करायला वेळ नसतो. वस्तीत कोणाच्या शब्दाला मान आहे, कोणता डॉक्टर रात्री दार उघडतो, कोणाच्या अंगणात लोक निःशंकपणे जमतात, हे आधीच ठाऊक असावे लागते. हाफकिन परक्या देशात, परक्या भाषेत हे शोधत राहिला. आणि जिथे सापडले नाही तिथे निदान पहिली सुई स्वतःला टोचून घेण्याची तयारी त्याच्याजवळ होती. पुढच्या साथीत लोकांसमोर उभे राहणाऱ्या प्रत्येकाकडून लोक एवढी अपेक्षा करणारच.